नवी आवृत्ती, जुने रूळ

ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघाली, तरी पहिली आवृत्ती कपाटातून नाहीशी होत नाही. दोन्ही शेजारी ठेवून अभ्यासकाला विचारता येते, की काय गाळले, काय वाढवले आणि का. संगणकावरच्या खेळाच्या वाट्याला ही सोय क्वचितच येते. नवी आवृत्ती बहुधा जुनीच्या जागेवरच येऊन बसते; नाहीतर जुनी चालवू शकेल असा संगणकच काही वर्षांनी घरात उरत नाही. असे असूनही ‘अपग्रेड करावे का?’ या प्रश्नाची चर्चा चित्रे किती रेखीव झाली आणि पैसे किती पडतात, एवढ्यावरच संपते.

प्रस्तुत लेखात मी रेल्वे सिम्युलेटर या एका प्रकाराच्या गेल्या दोन तपांतल्या आवृत्त्या ग्रंथांच्या आवृत्त्यांप्रमाणे वाचणार आहे. नवी आवृत्ती चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचे, एवढाच माझा प्रश्न आहे. माझ्या मते या प्रकारात ते एका गोष्टीवरून ठरते : जुन्या आवृत्तीत तिच्या वापरणाऱ्यांनी जी भर घातली, तिचे नवी आवृत्ती काय करते?

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेल्वे सिम्युलेटरमध्ये शत्रू नसतो, गुणांची लूट नसते. पडद्यावर इंजिनाची केबिन असते आणि हाती वेगाचा दांडा, ब्रेक व शिट्टी. समोर सिग्नल असतात, चढ-उतार असतात आणि वेळापत्रक असते. गाडी फलाटावर नेमक्या जागी, नेमक्या वेळी उभी करणे हीच जिंकण्याची रीत. कथा नाही, पात्रे नाहीत. आहे ते फक्त काम, आणि ते काम ज्या भूप्रदेशात चालते तो भूप्रदेश. म्हणूनच या खेळाची गुणवत्ता दोनच ठिकाणी तपासता येते. एक, गाडीचे वजन हाताला जाणवते का? दोन, तो प्रदेश खरा वाटतो का?

२००१ : उघडी संहिता

‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ २००१ साली आला. तो घडवला होता कुजू या ब्रिटिश संस्थेने. त्यात सहा मार्ग होते. इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल, ऑस्ट्रियातला इन्सब्रुक ते सांक्ट आंटोन, जपानमधले दोन, आणि अमेरिकेतले दोन : एक पूर्व किनाऱ्यावरचा वेगवान विजेचा मार्ग, दुसरा मोंटानातल्या मारायस खिंडीतला मालगाड्यांचा.

समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर या संहितेत स्वातंत्र्य भरपूर घेतलेले दिसते. सेटल–कार्लाइल मार्गावर खेळाडूला ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन मिळते. ज्या गाडीवरून त्या इंजिनाला नाव मिळाले, ती लंडन–एडिंबरा गाडी इंग्लंडच्या पूर्वेकडच्या मुख्य मार्गावर धावे. सेटल–कार्लाइल ही वेगळ्या कंपनीने बांधलेली वेगळी वाट. जतन केलेले इंजिन म्हणून ते पुढे विशेष गाड्या घेऊन तिथे गेले, हे खरे. पण रोजच्या वाहतुकीतले त्याचे ते घर नव्हे. निर्मात्यांनी सर्वांत प्रसिद्ध इंजिन आणि सर्वांत देखणी वाट यांचे लग्न लावून दिले. कादंबरीकार असे करतोच.

या संहितेचे मोठेपण तिच्या मजकुरात नव्हते, तिच्या उघडेपणात होते. इंजिनाचे आणि डब्यांचे वर्णन करणाऱ्या फाईली साध्या मजकुराच्या होत्या. कोणत्याही मजकूर-संपादकात त्या उघडाव्यात, वजन, ब्रेकची ताकद, घर्षण यांचे आकडे वाचावेत आणि बदलावेत. मार्ग बांधण्याचे साधनही खेळासोबतच दिलेले होते. ते ओबडधोबड होते, मध्येच बंद पडे, पण होते.

याचा परिणाम असा झाला की विकत घेतलेले सहा मार्ग ही केवळ प्रस्तावना ठरली. जगभरच्या हौशी माणसांनी आपापल्या गावची रेल्वे बांधायला घेतली. भारतीय हौशींनी डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन, डब्ल्यूएपी-४ हे विजेचे इंजिन, आयसीएफचे डबे, आपल्याकडचे सिग्नल, स्थानकांच्या पिवळ्या पाट्या असे सारे घडवले. मूळ निर्मात्यांनी भारताचा विचारही केला नव्हता. या कामाला मानधन नव्हते. कामाचे स्वरूप बरेचसे संशोधकाचे होते : चढाचे आकडे गोळा करायचे, छायाचित्रांवरून डब्यांची मापे काढायची, इंजिनाचा आवाज स्थानकावर जाऊन ध्वनिमुद्रित करायचा.

यात किती मोलाचे काही साठत गेले, हे आपल्याकडच्या एका बदलावरून कळेल. मुंबईच्या मध्य रेल्वेवरचा १५०० व्होल्टचा डीसी वीजप्रवाह २०१६ साली पूर्णपणे हटला आणि २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह सगळीकडे आला. केवळ डीसीवर चालणाऱ्या इंजिनांचे काम त्याबरोबर संपले. असे एखादे इंजिन कुणी आकड्यांनिशी प्रतिकृतीत बांधले असेल, तर ती प्रतिकृती आता खेळणे राहत नाही. तो दस्तऐवज होतो. आणि दस्तऐवज ज्या दफ्तरखान्यात ठेवला आहे, त्या दफ्तरखान्याचे ‘अपग्रेड’ म्हणजे काय होणार, हा प्रश्न मग गमतीचा राहत नाही.

२००९ : तीन वाटा

मायक्रोसॉफ्टने दुसरी आवृत्ती दोनदा जाहीर केली आणि दोनदा मागे घेतली. पहिला प्रयत्न २००४ साली थांबला. दुसरा २००७ मध्ये जाहीर झाला आणि २००९च्या आरंभी तो घडवणारा विभागच बंद झाल्याने संपला. ज्यांनी आठ वर्षे मार्ग बांधले, त्यांच्यापुढे आता नवे घर नव्हते आणि जुने घर नव्या संगणकांवर डळमळू लागले होते.

पहिली वाट मूळ निर्मात्यांची. कुजूने २००७ साली ‘रेल सिम्युलेटर’ नावाचा नवा खेळ काढला होता. २००९ मध्ये तो दुसऱ्या संस्थेच्या हाती ‘रेलवर्क्स’ झाला, पुढे ‘ट्रेन सिम्युलेटर’ या नावापुढे दरवर्षी नवे साल लागत गेले आणि शेवटी तो ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ म्हणून स्थिरावला. याची रचना पूर्ण नवी होती. जुन्या फाईली त्यात चालत नव्हत्या. ज्याला आपला मार्ग न्यायचा असेल त्याने तो नव्याने बांधावा.

या मालिकेतली वार्षिक आवृत्ती ही समीक्षकाला चकवणारी गोष्ट आहे. आधीचा खेळ ज्याच्याकडे आहे, त्याला मूळ यंत्रणेतली सुधारणा फुकट मिळे. ग्राहकाच्या दृष्टीने हा उदारपणाच. पण ती सुधारणा जुन्याच्या जागीच बसवली जाई. गेल्या वर्षीचा खेळ गेल्या वर्षी जसा होता तसा आज पाहायचा, तर सोपा मार्ग नाही. या मालिकेने एकदा मात्र अनुकरणीय गोष्ट केली. २०१९ या सालाचे नाव लावलेल्या आवृत्तीत ६४-बिटची यंत्रणा आली. आधीच्या ३२-बिटच्या यंत्रणेला स्मृतीची मर्यादा असल्यामुळे मोठे मार्ग मध्येच कोसळत. नवी यंत्रणा दिली, पण जुनीही शेजारी ठेवली. ज्याचे अ‍ॅड-ऑन नव्यात अडेल त्याने जुनी उघडावी. दोन पाठ एका बांधणीत मिळाले.

त्याच संस्थेने २०१७ साली ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ आणला तेव्हा मात्र रचना पुन्हा मुळापासून बदलली. त्याचे गुण मी कमी लेखणार नाही. इथे खेळाडू केबिनच्या आसनाला खिळलेला डोळा राहत नाही. त्याला शरीर मिळते. तो फलाटावरून चालत येतो, दार उघडतो, बॅटरीचे बटण दाबतो, एकेक यंत्रणा जागी करतो. इंजिन चालू करण्याला लागणारा वेळ हाही अनुभवाचा भाग होतो. काचेवरचा पाऊस आणि संध्याकाळचा तिरपा उजेड पाहताना २००१च्या खेळातली चपटी झाडे आठवली की हसू येते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुन्या खेळात पहिल्या दिवसापासून वाफेचे इंजिन होते. या नव्या जगात ते यायला २०२२ उजाडले. जुन्या खेळात मार्ग बांधण्याचे साधन खेळाबरोबरच मिळाले. इथे ते सर्वांसाठी खुले व्हायला २०२३ उजाडले. मधल्या सहा वर्षांत खेळाडू हा फक्त ग्राहक होता. २०२०च्या दुसऱ्या आवृत्तीत आधीचे मार्ग आणताना निर्मात्यांनी त्यांना ‘जतन केलेला संग्रह’ अशा अर्थाचे नाव दिले. हा शब्द मला बोलका वाटतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट जतन करावी लागते, याचा अर्थ ती टिकणे गृहीत धरलेले नव्हते. शिवाय काय जतन करायचे हे ठरवणारा एकच होता.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियाची. ब्रिस्बेनच्या ऑरन या संस्थेने २००१च्या अखेरीस ‘ट्रेन्झ’ आणला. आज तो एन-थ्री-व्ही या संस्थेकडे आहे. त्याची एक कल्पना ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल. त्यातल्या प्रत्येक वस्तूला, मग ते इंजिन असो की रुळाकडेचे झाड, स्वतःचा क्रमांक असतो. त्या क्रमांकात कर्त्याचा क्रमांक असतो, वस्तूचा असतो आणि पुढे सुधारणा झाली तर कितवी सुधारणा तेही असते. कर्ता आणि पाठ दोन्ही वस्तूच्या नावातच कोरलेले.

मात्र नव्या आवृत्त्यांबरोबर तपासणीचे नियम कडक होत गेले. जुन्या आवृत्तीत बिनतक्रार चालणारी वस्तू नव्या आवृत्तीत सदोष ठरू लागली. कर्ता हे जग सोडून गेलेला, किंवा हा छंद सोडून गेलेला. मग स्वयंसेवकांनी अशा वस्तू एकेक करून दुरुस्त करायला घेतल्या. आपल्याकडे १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर जुनी पुस्तके नव्या लेखनात छापली गेली, त्याची इथे आठवण होते. वाचकाची सोय झाली. पण ‘केलें’ आणि ‘केले’ यांतला लिंग-वचनाचा भेद डोळ्यांआड झाला. दुरुस्तीने वस्तू वाचते, पण थोडी बदलते. ट्रेन्झने तो बदल निदान क्रमांकात नोंदवला, हे त्याचे श्रेय.

तळटीपेची जागा

तिसरी वाट २००९ मध्येच सुरू झालेल्या ‘ओपन रेल्स’ची. हा स्वयंसेवकांचा प्रकल्प. आज्ञावली सर्वांना खुली, वापर फुकट. त्याची १.० ही आवृत्ती २०१५ साली आली. त्याचे उद्दिष्ट वरवर पाहता अगदी माफक होते. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या खेळासाठी बांधलेले मार्ग आणि गाड्या, त्यांना धक्का न लावता, नव्या यंत्रणेने वाचायच्या. संहिता जुनी, वाचन नवे.

त्यातली एक योजना माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत विचारी गोष्ट आहे. समजा, एखाद्या इंजिनाच्या वर्णनात नवे आकडे भरायचे आहेत. जुन्या फाईलला हात लावायचा नाही. त्या फोल्डरच्या आत ‘ओपन रेल्स’ नावाचे छोटे फोल्डर करायचे आणि त्याच नावाची नवी फाईल तिथे ठेवायची. तिच्या सुरुवातीला सांगायचे, ‘वरची मूळ फाईल इथे धरावी’. आणि त्याखाली फक्त आपली भर लिहायची. जुना खेळ ते छोटे फोल्डर पाहतच नाही, तो आपली मूळ फाईल वाचतो. नवी यंत्रणा दोन्ही वाचते. मूळ कर्त्याचे काम अक्षरशः जसेच्या तसे राहते, आणि संपादकाने काय बदलले हे कुणालाही वेगळे काढून दाखवता येते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तिथे संपादकांनी पाठ निवडला, पण नाकारलेले पाठभेद फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. संपादकाचा निर्णय न पटणाऱ्या वाचकाला तपासणीचा हक्क राहिला. ‘ओपन रेल्स’मधल्या मंडळींनी तो हक्क एका छोट्या फोल्डरात जपला.

ही भर म्हणजे नुसती डागडुजी नाही. गाडीला होणारा विरोध मोजण्यासाठी डेव्हिस यांचे १९२६चे सूत्र अभियंते वापरत आले आहेत. त्यात विरोधाचे तीन भाग मानतात : वेग कितीही असो कायम राहणारा, वेगाच्या प्रमाणात वाढणारा, आणि हवेमुळे वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढणारा. ‘ओपन रेल्स’मध्ये हे तीन आकडे प्रत्येक डब्यासाठी वेगळे देता येतात. ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत बदलत जायला वेळ लागतो. त्याचाही हिशेब ठेवला जातो. लांब मालगाडी घेऊन निघालात, तर पुढचे ब्रेक सुटलेत आणि मागचे अजून धरून आहेत, हे गाडीच्या जडपणात कळते. मी सेटलहून उत्तरेला निघणारा तो प्रसिद्ध लांब चढ जुन्या खेळात आणि ‘ओपन रेल्स’मध्ये पुन्हा पुन्हा चढून पाहिला. शंभरास एक हा चढ आपल्या भोर घाटातल्या सदतिसास एक चढापुढे सौम्य वाटेल. पण तो मैलोन्‌मैल सुटत नाही. रूळ तेच, डोंगर तेच, चित्रे तीच. वाफेचा हिशेब चुकला की वेग कसा हळूहळू गळत जातो, हे मला नव्या वाचनात अधिक समजले. संहितेत एक अक्षर न बदलता अर्थ वाढला.

नव्या वाचनाने जुन्याचे दोषही उघडे पडतात. जुन्या खेळात नजर फार तर दोन किलोमीटर पोहोचे. मार्ग बांधणाऱ्याने रुळाच्या दोन्ही बाजूंना तेवढीच जमीन घडवली; पुढे धुके आहे हे त्याला ठाऊक होते. ‘ओपन रेल्स’मध्ये नजर दहा किलोमीटरपर्यंत नेता येते. ती नेली की कित्येक मार्गांवर जमीन एकाएकी संपलेली दिसते, आणि त्यापलीकडे केवळ आकाश. याला कर्त्याचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. रंगमंचाच्या पडद्यामागे भिंत रंगवलेली नसते, म्हणून नेपथ्यकाराला कुणी बोल लावत नाही. चांगल्या आवृत्तीने किती पाहायचे हे वाचकावर सोडावे. इथे तो आकडा वाचकाच्या हाती आहे, एवढे पुरे.

आक्षेप आणि उत्तर

माझ्या या मांडणीवर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की जुन्याचे ओझे वाहत राहिले तर नवे काही घडतच नाही. २००१च्या फाईलींशी बांधील राहून ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ची चालती-बोलती केबिन झाली नसती. हे मला मान्य आहे. नव्या लेखकाने जुनाच ग्रंथ पुन्हा लिहावा असे माझे म्हणणे नाही. पण मग त्याला नवा ग्रंथ म्हणावे, आवृत्ती म्हणू नये. ‘अपग्रेड’ हा शब्द वापरला, की जुन्याचा वारसा पत्करला असे होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ‘ओपन रेल्स’ स्वावलंबी नाही. जुन्यांतले पुष्कळ मार्ग मायक्रोसॉफ्टच्या मूळ खेळातले रूळ, वस्तू आणि आवाज वापरतात. ते मूळ साहित्य जवळ असावे लागते, आणि तो खेळ आता कंपनी विकत नाही. म्हणजे टीका उपलब्ध, पण मूल ग्रंथ दुर्मीळ. यावर माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. एवढेच म्हणता येते, की ही अडचण जतन करणाऱ्यांनी निर्माण केलेली नाही. विक्री थांबवणाऱ्याने संहिता खुली केली असती, तर ती उरली नसती.

ज्या मार्गाचा उल्लेख वर वारंवार आला, त्या सेटल–कार्लाइल रेल्वेचीच हकीकत या वादात साक्षीला घेण्यासारखी आहे. १८७६ साली तिच्यावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. १९८०च्या दशकात ती बंद करण्याचा प्रस्ताव आला. रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल जीर्ण झाला आहे आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही, हे त्यातले मोठे कारण होते. लोकांनी लढा दिला. १९८९ साली मार्ग चालू ठेवण्याचा निर्णय झाला. पूल दुरुस्त झाला, आणि तोही सांगितलेल्या अंदाजापेक्षा कमी खर्चात. आज गाड्या त्याच कमानींवरून जातात.

‘जुने परवडत नाही’ हे वाक्य त्या पुलाबाबत म्हटले गेले, आणि तोच मार्ग ज्या खेळात पहिल्यांदा माझ्या पडद्यावर आला त्या खेळाबाबतही म्हटले गेले. दोन्ही वेळा ते म्हणणाऱ्यांचा हिशेब खोटा नव्हता, अपुरा होता. त्या हिशेबात, मार्गावरून रोज जाणाऱ्यांनी त्यात काय ठेवले आहे, हा रकाना नव्हता. पुढची आवृत्ती हाती घेताना मी चित्रांची तुलना अवश्य करीन. पण त्याआधी तीन गोष्टी पाहीन : जुन्या वापरकर्त्यांचे काम तिच्यात चालते का, कर्त्याचे नाव त्यावर राहते का, आणि बदल नको असेल तर मूळ पाठ उघडता येतो का. यांतले एकही नसेल, तर तो नवा खेळ कितीही सुंदर असो, मी त्याला जुन्याची आवृत्ती म्हणणार नाही.